पाण्याचा गुण

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आसपास एक उपाहारगृह आहे. नाव सांगत नाही. मुलुंडकरांनी ओळखलं तर ती त्यांच्या जिभेची पुण्याई, नाही ओळखलं तर मालकाची झाकली मूठ.

दादांनी हे दुकान काढलं तेव्हा पाटीवर चारच पदार्थ होते. बटाटावडा, साबुदाण्याची खिचडी, मुगाची उसळ आणि चहा. वडा चांगला होता, खिचडी बरी होती, पण माणसं यायची ती उसळीसाठी. ठाण्याहून यायची, भांडुपहून यायची, रविवारी तर घाटकोपरची गुजराती कुटुंबंही गाडी करून यायची. अख्खा मूग, त्याला पेराएवढा मोड, शिजूनही न लगदलेला. वर गोडा मसाला, आमसूल, कळेल-न-कळेल इतका गूळ आणि ओलं खोबरं. साडेनऊ-दहाला पातेलं रिकामं व्हायचं. मग दादा गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे. उशिरा आलेल्याला चष्म्यावरून बघून म्हणायचे, "उद्या लवकर या." जास्त का करत नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "जास्त होत नाही." एवढंच.

2013 साली दादा गेले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसला. सगळे त्याला बाळाशेठ म्हणत. बाळाशेठ आळशी नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाही तर गोष्ट फारच सोपी होईल. त्याने दुकानाचा मागचा भाग वातानुकूलित केला, चार पदार्थांचं चार पानी मेनूकार्ड केलं, पावभाजी आणली, शेजवान डोसा आणला, आणि धंदा दीडपट केला. उसळ मात्र काढली नाही. ती वडिलांची होती. मेनूकार्डावर ती पहिल्या पानावर, चौकटीत होती.

आणि तिचंच काही तरी बिनसलं. कुणी बशी परत पाठवली नाही की तक्रार केली नाही. जुनी गिऱ्हाइकं यायची, उसळ खायची, बिल द्यायची आणि जाताना म्हणायची, "दादांच्या वेळची मजा नाही हो." हे वाक्य कुठल्याही मुलाला वडिलांच्या पश्चात ऐकावंच लागतं, म्हणून बाळाशेठने आधी सोडून दिलं. मग त्याने पाववाला बदलला. मसाला कुटून देणाऱ्या बाई बदलल्या. आचारी बदलला. शेवटी बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्याला कारण सापडलं: पाणी.

कारण सापडलं ते तारखेसकट. 2014 साली मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला मिळू लागलं आणि उसळ बिघडली तीही त्याच सुमाराला. दादांच्या उमेदीत तानसाचं पाणी होतं, 1892 सालच्या धरणाचं, शहापूरच्या जंगलातून नुसत्या उतारावर वाहत आलेलं. आता सात तलावांचं पाणी एकत्र, भांडुपला शुद्ध केलेलं, त्यात औषधं. "तानसाच्या पाण्यात जो गोडवा होता ना," बाळाशेठ गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. तानसाचं पाणी वेगळं काढून कुणीच चाखलेलं नव्हतं, त्यामुळे वाद व्हायचा प्रश्नच नव्हता.

एक माणूस मात्र मान डोलवत नसे. भिकूनाना. राजापूरकडचे. मिसरूड फुटायच्या आत दादांकडे कामाला आले ते दुकानाच्या पोटमाळ्यावरच राहिले. ते बाळाशेठला 'बाळाशेठ' म्हणत, पण अशा आवाजात, की त्यातला 'बाळा' ऐकू यायचा आणि 'शेठ' यायचा नाही. पाण्याची गोष्ट निघाली की नाना टेबल पुसता पुसता म्हणायचे, "पाणी तेच आहे, बाळाशेठ. रात्र बंद झाली."

ते बोलायचे आणि पुढचं टेबल पुसायला जायचे. बाळाशेठला वाटायचं, म्हातारा झाला, काहीही बोलतो.

रात्र बंद झाली म्हणजे काय, ते समजायला फार अक्कल लागत नव्हती. दादांच्या वेळी मूग दुकानात भिजत, दुकानातच मोड येत. आता मोड आलेले मूग वाशीहून पहाटेच्या टेम्पोने पिशव्यांतून यायचे. स्वच्छ, एकसारखे, मोजून. नाहीतरी नानांचं वय झालं होतं. बाळाशेठने त्यांना चहाच्या काउंटरवर बसवलं, पगार तोच ठेवला आणि आपण म्हाताऱ्याला सुख दिलं, या समाधानात राहिला.

आपल्याकडे माणसाच्या हातचा गुण पाण्याच्या नावावर मांडायची रीत जुनी आहे. कोल्हापूरकराला विचारा, तांबड्या-पांढऱ्याला पंचगंगेचंच पाणी हवं. न्यूयॉर्कवाले त्यांच्या बेगल नावाच्या पावाबद्दल हेच म्हणतात. व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या बंदरगावात काव लाऊ नावाच्या शेवया मिळतात; त्यांचं पीठ बा ले नावाच्या एकाच विहिरीच्या पाण्यात भिजवायचं, अशी तिथली परंपरा. यात काहीच खरं नाही, असं नव्हे. जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण पाण्याला श्रेय देण्यात एक सोय आहे. पाणी पगारवाढ मागत नाही.

तर असं चाललं होतं. एके दिवशी मुलीचा फोन आला. मृणाल क्वालालंपूरला नोकरी करायची. तीन वर्षं आईबाबांना बोलवत होती आणि तीन वर्षं बाळाशेठ एकच विचारत होता, "गल्ल्यावर कोण बसणार?" या वेळी ती सहज म्हणाली, "बाबा, इथून दोनशे किलोमीटरवर इपो म्हणून गाव आहे. लोक तिथे फक्त खायला जातात. आणि काय खायला जातात माहितीये? मुगाचे मोड. सगळे म्हणतात, तिथल्या पाण्याचा गुण."

बाळाशेठने फोन कानाला धरूनच काउंटरकडे वळून हाक मारली, "ऐकलंत का, नाना? पाण्याचा गुण!"

नानांनी कपबशी विसळून पालथी घातली.

पुढच्या महिन्यात गल्ल्यावर मेव्हणा बसला आणि बाळाशेठ व त्याची बायको सुमनताई विमानात.

इपोला जायला क्वालालंपूरहून विजेची गाडी आहे, अडीच तासांत पोचवते. शेवटच्या टप्प्यात खिडकीबाहेर पांढरट-करडे डोंगर एकदम जमिनीतून उभे राहतात. चुनखडीचे, कडे तुटलेले, अंगावर झाडी. त्यांच्या पोटात गुहा आणि गुहांत देवळं. हे किंता नदीचं खोरं. एकेकाळी इथे जगातल्या मोठ्यात मोठ्या कथलाच्या खाणी होत्या. त्यांच्यासाठी चीनमधून मजूर आले, त्यांच्यातले काही गबर झाले, गावात हवेल्या उठल्या. 1985 साली कथलाचा बाजार कोसळला, खाणी बंद पडल्या, तरणी पोरं क्वालालंपूर-सिंगापूरला गेली. मागे राहिल्या जुन्या चाळी, दुकानं आणि रांधणारे हात. गिरण्या गेल्यावर गिरणगावचं काय झालं ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणखी एक गंमत. इपो हे नाव एका झाडावरून पडलं आणि ते झाड विषारी. त्याच्या चिकात बुडवलेले बाण फुंकनळीतून मारून तिथले आदिवासी शिकार करायचे. खाण्यासाठी नावाजलेल्या गावाला नाव विषाच्या झाडाचं.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या सुमनताई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या व्हीटीचं धाकटं भावंड!" पांढरा घुमट, कमानी, मोठे व्हरांडे. हबॅक नावाच्या इंग्रज वास्तुकाराने 1917 साली पुरं केलेलं हे स्टेशन. मृणालने त्यांना आधी कॉफी पाजली. तिथे कॉफीच्या बिया मार्गारीन लावून भाजतात आणि वर आटवलेलं गोड दूध घालतात. तिला 'व्हाइट कॉफी' म्हणतात. बाळाशेठने दोन घोटांत संपवली आणि उठला. त्याचा जीव मोडांत होता.

इपोच्या नव्या भागात, याऊ तेत शिन नावाच्या रस्त्यावर संध्याकाळी खुर्च्या फुटपाथवर येतात. मांडणी एकच. उकडून थंड केलेली कोंबडी, तांदळाच्या मऊ चपट्या शेवयांचं सूप आणि एका ताटलीत मोड. सुमनताई शाकाहारी, त्यांच्यासाठी मृणालने मोड नुसते, वर सोया सॉस आणि मिरपूड घालून मागवले.

बाळाशेठ ताटलीकडे बघतच राहिला. मोड म्हणजे हे? बोटाच्या दोन पेरांएवढे लांब, पांढरेशुभ्र आणि चक्क जाड. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जे लांबुळके, मरतुकडे स्प्राउट्स येतात त्यांच्याशी नातं नसलेले. टोकाला मुगाची पिवळी डाळ तेवढी ओळखीची. उकळत्या पाण्यातून काढल्यावर त्यातली धुगधुगी अजून गेली नव्हती. त्याने चॉपस्टिक बाजूला ठेवली, चमच्यात चार मोड घेतले आणि चावले. कर्रकन आवाज झाला आणि तोंडात पाणी सुटलं. लाळेचं नव्हे, मोडातलं. गोडसर. कच्चट वास नाही, उबट वास नाही. सॉस होता, पण त्याची गरज नव्हती. दुसरा चमचा त्याने डोळे मिटून खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी त्याला दादा आठवले, पण ते तो कुणाला बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पाणी! बघ, मी म्हणत नव्हतो?"

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ समोरच्या डोंगरांकडे बोट दाखवून मृणालला इंग्रजीत हेच सांगत होते. डोंगर चुनखडीचे, त्यातून झिरपलेलं पाणी, म्हणून आमचे मोड जाड, म्हणून आमच्या शेवया रेशमी, म्हणून आमच्या बायकांची कातडी गोरी. बाळाशेठने त्यांच्याशी हात मिळवला. समविचारी माणूस भेटला की बरं वाटतं.

आता मूग हा मूळचा आपला. भारतातून तो पूर्वेकडे गेला. मलेशियात तर तो म्हणण्यासारखा पिकतही नाही, म्यानमारहून वगैरे येतो. म्हणजे दाणा बाहेरचा. मग गावाचं काय? गावाचं पाणी. बाळाशेठचा हिशेब चोख होता.

मृणालच्या ऑफिसातली सेल्वी मूळ इपोची, बुंतोंग भागातली. तमिळनाडूतून आलेल्या कुटुंबांनी तिथे चकल्या, शेव, खारे दाणे यांचा धंदा वाढवला आहे. तिच्या घरी चकलीचा तळणाचा वास येताच सुमनताईंचा चेहरा दिवाळीसारखा झाला, आणि त्या सेल्वीच्या आईबरोबर स्वयंपाकघरात ज्या गेल्या त्या दोन तासांनी पिशवी भरून बाहेर आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चकलीचा सोऱ्या कसा धरायचा, याला भाषा लागत नाही. बुंतोंगमध्ये मोडांचे कारखानेही आहेत. कारखाना कसला, पत्र्याची शेड. सेल्वीने ओळखीच्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलकडे त्यांना नेलं.

शेडमध्ये अंधार होता. मुद्दाम ठेवलेला. उजेड लागला की मोड हिरवे पडतात आणि कडवट होतात. जमीन ओली, हवेत पहिल्या पावसानंतर येतो तसला वास. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची प्लास्टिकची पिंपं, बुडाला भोकं पाडलेली. अंकल बनियनवर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. एका पिंपावरचं जड झाकण त्यांनी बाजूला सारलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो मोडांवर ठेवून क्षणभर थांबले. मग पाइप उचलून पाणी सोडलं. वरून सोडलेलं पाणी मोडांतून गाळत गाळत खाली आलं आणि भोकांतून वाहून गेलं. बाळाशेठने त्या वाहत्या पाण्याखाली हात धरला. कोमट होतं. वरून पडताना ते गार होतं.

"गरम का?" त्याने विचारलं.

सेल्वीने विचारून सांगितलं. कोंब फुटताना दाणा तापतो. पिंपात लाखो दाणे. ती ऊब वेळेवर धुऊन काढली नाही तर मोड आतल्या आत उकडतात, सडतात, एका पिंपाला वास आला की शेजारच्याचीही धडगत नाही. म्हणून दर तीन-चार तासांनी पाणी. आणि झाकण जड का? दाबाखाली वाढणारा कोंब लांब पळत नाही, जाड होतो. त्याला वाटतं वर दगडमाती आहे, जोर लावायला हवा.

"दर तीन-चार तासांनी," बाळाशेठ म्हणाला. "दिवसा."

अंकलनी त्याच्याकडे पाहिलं, मग सेल्वीकडे. प्रश्न भाषांतरात बिघडला असावा, असं त्यांना वाटलं.

"मोडांना काय ठाऊक," ते म्हणाले, "दिवस कधी आणि रात्र कधी? ते अंधारातच असतात."

दहाला, एकला, चारला. पन्नास वर्षं. आधी वडील उठायचे आणि हा झोपायचा, मग हा उठू लागला. लग्नाच्या रात्रीही उठला होता, हे सांगताना मागून त्यांची बायको काही तरी ठसक्यात बोलली आणि सेल्वी हसली, पण तेवढ्याचं भाषांतर तिने केलं नाही.

बाळाशेठ हटला नाही. "पण पाणी? डोंगरातलं?"

अंकलनी पाइपचं दुसरं टोक दाखवलं. ते नळाला जोडलेलं होतं. साधा पितळी नळ, वर मीटर. "सरकारी," ते म्हणाले. "वर धरण आहे."

"मग सगळे पाण्याचा गुण म्हणतात ते?"

"पाणी चांगलंच आहे," अंकल म्हणाले. "मीही गिऱ्हाइकाला तेच सांगतो. पाणी म्हटलं की लोक खूश होतात, फोटो काढतात, डोंगर बघायला जातात. रात्री उठतो म्हटलं की विषय बदलतात."

निघताना बाळाशेठने एक विनंती केली. दोन लिटरची बाटली भरून पाणी मिळेल का? सेल्वीला हे भाषांतर करायला जरा लाज वाटली. अंकलना मात्र वाटली नाही. त्यांनी नळाखाली बाटली स्वतः विसळली, भरली आणि बूच घट्ट लावून दिलं. परतताना रस्त्याकडेला तांबुन गावची पपनसं टांगून ठेवली होती. सुमनताईंनी गणपतीच्या नैवेद्याची आठवण काढत दोन घेतली. सामानात वजन झालं म्हणून क्वालालंपूरला काही तरी काढायची वेळ आली, तेव्हा बाळाशेठने पपनसं काढली, पाणी ठेवलं. यावर सुमनताई काय बोलल्या तेही इथे भाषांतराविना राहू द्यावं.

मुलुंडला आल्यावर बाळाशेठने दुकानात सगळ्यांसमक्ष प्रयोग मांडला. दोन पातेली, मूग एकाच पोत्यातले. एक पातेलं इपोच्या पाण्यात भिजवलं, एक मुलुंडच्या. महिना एप्रिलचा. भिजल्यावर उपसून दोन फडक्यांत बांधले. धुवायला इपोचं पाणी थोडंच उरलं होतं, ते जपून वापरायचं ठरलं. नानांनी सगळी मांडामांड चहाच्या काउंटरवरून पाहिली आणि विचारलं, "रात्रीचं कोण बघणार?"

"नुसते मोड तर यायचेत," बाळाशेठ म्हणाला. "बघायचंय काय त्यात?" आणि शटर अर्धं ओढून घरी गेला.

सकाळी दोन्ही पुरचुंड्या सोडल्या. दोन्हींत मोड आले होते. टपोरे, पांढरे, एकसारखे. बाळाशेठने दोन्हींतले चार चार दाणे खाल्ले. परत खाल्ले. आचाऱ्याला दिले, मेव्हण्याला दिले, नवघर रोडच्या एका निवृत्त मास्तरांना दिले, ज्यांची जीभ साऱ्या मुलुंडात प्रमाण मानतात. कुणालाच फरक सांगता येईना. मास्तर म्हणाले, "दोन्ही दादांच्या वेळचे."

बाळाशेठ खुलला. "म्हणजे आपलंही पाणी वाईट नाही!"

"मी चारदा उठलो," नाना म्हणाले.

दुकानात पाच-सात माणसं होती. वड्याच्या कढईचा तेवढा आवाज येत होता. नाना पोटमाळ्यावरच झोपायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बाळाशेठलाही होतं. रात्री उठून त्यांनी दोन्ही पुरचुंड्या सोडल्या, हात घालून पाहिलं, मुलुंडच्याच नळाच्या पाण्याने विसळल्या, निथळल्या, पुन्हा बांधल्या. इपोच्या पाण्याची बाटली होती तेवढीच होती. त्यांनी तिला हात लावला नव्हता.

"दादा आणि मी वाटून घ्यायचो," नाना म्हणाले. "बाराची पाळी त्यांची, तीनची माझी. तुम्ही वर झोपलेले असायचात. शाळा होती तुमची."

पिकतं तिथे विकत नाही, असं आपण म्हणतो. नानांची एका ओळीची गोष्ट याच दुकानात, रोज, फुकट मिळत होती. ती विकत घ्यायला साडेतीन हजार किलोमीटर जावं लागलं, दोन तिकिटं काढून. आणि खरं तर तिथेही ती पदरात पडली नव्हती. बाटली भरून पाणी आणलंच होतं ना!

वाशीचा टेम्पो बंद झाला. पण नानांना परत रात्रपाळीला लावणं शक्य नव्हतं. त्यांचे गुडघे गेले होते. आचाऱ्याने रात्रीच्या जागरणाचे जे पैसे मागितले ते ऐकून बाळाशेठला पहिल्यांदाच कळलं, की दादांच्या उसळीची खरी किंमत काय होती आणि दादा ती गिऱ्हाइकांकडून का घेत नव्हते. कारण ती घेतली असती तर उसळ परवडली नसती. हा हिशेब त्याने मेव्हण्याबरोबर दोन दिवस केला. उसळीचा भाव थोडा वाढवला, माप निम्मं केलं, आणि बाराची पाळी स्वतःकडे घेतली. तीनच्या पाळीला आचाऱ्याचा धाकटा भाऊ, रोख पैशावर. नानांकडे एकच काम: सकाळी सहाला फडकं सोडून हात घालायचा आणि हो की नाही सांगायचं.

सुरुवातीला नाही फार वेळा आलं. बाळाशेठचा हात घाईचा होता, पाणी नीट निथळू द्यायचा नाही, मूग बुळबुळीत व्हायचे. पावसाळ्यात मोड यायला वेळ लागायचा, ऑक्टोबरात नको तितके भरभर यायचे. मोबाइलचा गजर सुमनताईंना ऐकू जायचा, त्याला नाही. पण हळूहळू जुनी माणसं दुसरी बशी मागू लागली. दादांचं नाव निघायचं थोडं कमी झालं. मास्तरांनी एकदा बिल देताना मागे वळून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मास्तरांच्या बाबतीत ते प्रमाणपत्रच.

गणपतीत नाना राजापूरला गेले. कित्येक वर्षांनी गेले. दुकान सोडून कधी जायचेच नाहीत. जाण्याआधी सहाच्या तपासणीचं काम बाळाशेठला शिकवून गेले. हात कुठवर घालायचा, किती वेळ ठेवायचा, वास नाकाला येण्याआधी बोटांना कसा कळतो, सगळं.

दीड दिवसाच्या विसर्जनाच्या रात्री बाळाशेठ उशिरा घरी आला, बाराला पाठ टेकली आणि सहालाच जाग आली. तीनच्या पाळीचा पोरगा मिरवणुकीत होता. दुकानात येऊन त्याने फडकं सोडलं, हात घातला, काढला आणि सगळे मूग कचऱ्यात ओतले. मेव्हणा म्हणाला, थोडं आमसूल जास्त घालू, सणाचे दिवस आहेत, कुणाला कळणार आहे? बाळाशेठने फळ्यावर खडूने लिहिलं: आज उसळ नाही.

साडेआठला मास्तर आले. फळा वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"काय हो, पाणी आलं नव्हतं की काय?"

"पाणी आलं होतं, मास्तर," बाळाशेठ म्हणाला. "मी उठलो नाही."

मास्तरांनी खुर्ची ओढली. "बरं. मग वडा द्या. गरम असेल तर."